रस्ता तिकडे बंद, भाव इकडे पडतो

पाथरीच्या किंवा माजलगावच्या कास्तकाराला शहापूर, मुरबाड ही नावे ऐकून फारसे काही वाटणार नाही. ठाणे जिल्ह्यातले हे दोन तालुके. भाताचे, नाचणी-वरीचे. आपल्याकडे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा तिथे एकट्या जुलैत पडून जातो. कापूस नाही, ज्वारी नाही. मग कोरडवाहू शेतकऱ्यांच्या जिल्हा बैठकीच्या अंकात या दोन तालुक्यांचे काय काम, असे कोणी विचारील.

काम आहे ते तिथून जाणाऱ्या रस्त्यांचे. नकाशा पुढे घ्या. नांदेड, परभणी, पाथरी, माजलगाव, पाथर्डी, अहिल्यानगर, आळेफाटा, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण. हा एक रस्ता, राष्ट्रीय महामार्ग ६१, जुना नंबर २२२. दुसरा मुंबई-आग्रा रस्ता: धुळे, मालेगाव, नाशिक, कसारा घाट, शहापूर, भिवंडी, ठाणे. तिसरा समृद्धी महामार्ग. नागपुरातून निघतो, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना करीत येतो आणि शहापूर तालुक्यातून खाली उतरून भिवंडीजवळ आमणे इथे संपतो. विदर्भ, मराठवाडा, खानदेश या तिन्ही कोरडवाहू मुलखांतून मुंबईकडे आणि न्हावा-शेवा बंदराकडे रस्त्याने जाणारा बराचसा माल या दोन तालुक्यांतून जातो. नरसाळ्याचे तोंड केवढेही रुंद असले तरी माल तोटीतूनच बाहेर पडायचा. आपली तोटी शहापूर-मुरबाडपासून ठाण्याच्या खाडीपर्यंत आहे.

आणि या तोटीतच गेली काही वर्षे खोदकाम चालू आहे.

वडपे ते ठाणे हा सुमारे २४ किलोमीटरचा तुकडा आठपदरी करण्याचे काम रस्ते विकास महामंडळाकडे आहे. ते काम चालू रस्त्यावर चालले. एक बाजू उकरायची, दुसरीवर दोन्ही बाजूंची वाहने सोडायची. मुदतीमागून मुदती गेल्या. वर आसनगाव, वाशिंद, खातिवली या पट्ट्यात पुलांची कामे. २०२४ च्या पावसाळ्यात या रस्त्यावर तासन् तास गाड्या उभ्या राहिल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत जुना कसारा घाट दुरुस्तीसाठी काही दिवस दिवसाचा बंद ठेवला. त्याआधी २०१८ साली मे महिन्यात मुंब्रा बायपास दुरुस्तीला घेतला, तो सप्टेंबरात उघडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माळशेज घाटात दरड आली आणि घाट काही दिवस बंद राहिला. म्हणजे २०१८ च्या ऑगस्टात नाशिककडचा माल बंदराकडे न्यायचा तर बायपास बंद, नगरकडचा आणायचा तर घाट बंद. कल्याणचा पत्रीपूलही त्याच महिन्यात धोकादायक म्हणून बंद केला. नवा पूल २०२१ च्या जानेवारीत मिळाला.

मध्ये ५ जून २०२५ ला समृद्धीचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा उघडला. आनंद आहे. आम्हाला रस्त्यांचे वावडे नाही. ज्या मुलखात चांगला रस्ता नाही तिथल्या मालाला भाव नसतो, हे आम्ही खेडा खरेदीच्या काट्यापाशी उभे राहून शिकलो आहोत. पण नागपूरपासून भरधाव आलेला ट्रक आमण्याला उतरतो आणि पुढे पुन्हा त्याच तोटीत शिरतो. २०२५ च्या एप्रिलपासून या रस्त्यावर दोन आसांच्या ट्रकला किलोमीटरमागे सुमारे ७ रुपये टोल. अख्ख्या ७०१ किलोमीटरचे जवळपास ४,९०० रुपये. वेळ वाचवण्याचे हे पैसे. वाचवलेला वेळ भिवंडीच्या अलीकडे उभे राहण्यात गेला तर पैसे कशाचे दिले, असा प्रश्न ट्रकवाल्याला पडतो. त्याला पडलेला प्रश्न तो भाड्यात घालतो आणि मग तो आपल्याला पडतो.

(याच शहापूर तालुक्यात सरलांबे इथे १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे पुलाचे काम चालू असताना गर्डर उचलणारे यंत्र कोसळले आणि २० माणसे मेली. वेगाच्या रस्त्याची किंमत पहिल्यांदा त्यांनी मोजली. रस्त्यावर टीका करताना हे विसरून चालणार नाही.)

आता हिशेब मांडू. शेतीचा जमाखर्च मांडतो तसाच. खालचे आकडे आम्ही उदाहरणासाठी धरले आहेत, ज्याने त्याने आपल्या बिल्टीवरून ते बदलून घ्यावेत. दहा टनी ट्रक, म्हणजे १०० क्विंटल ज्वारी. निघाला वाशीच्या दाणाबाजाराला. रस्ता बंद म्हणून ४० किलोमीटरचा वळसा पडला. भरलेला ट्रक लिटरला ४ किलोमीटर जातो असे धरले तर १० लिटर डिझेल जादा, साधारण ९०० रुपये. क्विंटलला ९ रुपये.

बहुतेक लोक हिशेब इथेच थांबवतात. खरा खर्च पुढे आहे. ट्रकचा बँकेचा हप्ता, विमा, ड्रायव्हर-क्लीनरचा पगार हा खर्च ट्रक पळो की उभा राहो, चालूच असतो. तो महिन्याला ६०,००० रुपये धरा. महिन्यात १२ फेऱ्या होत असतील तर फेरीला ५,००० रुपये पडतात. वळशात आणि वाट पाहण्यात दोन फेऱ्या बुडाल्या, १० च झाल्या, तर फेरीला ६,००० पडतात. म्हणजे आणखी हजार, क्विंटलला १० रुपये. दोन्ही मिळून १९. डिझेलपेक्षा उभे राहणे महाग पडते. म्हणून 'वळसा फक्त ४० किलोमीटरचा आहे' असे कोणी सांगितले की आपण विचारायचे, 'आणि तास किती?'

१९ रुपये म्हणजे काय मोठे, असेही कोणी म्हणेल. कोरडवाहू ज्वारी एकरी ५ क्विंटल आली तर एकरी ९५ रुपये, चार एकराला ३८०. खुरपणीच्या बाईचा एक-दीड रोज. आकडा लहान आहे हे कबूल. पण ज्वारी हे असे पीक आहे की त्यात मोठे आकडे उरतच नाहीत, हेच लहान आकडे नफा-तोटा ठरवतात. २०२५-२६ च्या हंगामाला कापसाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० रुपये होता, संकरित ज्वारीचा ३,६९९. तोच १९ रुपयांचा बोजा ज्वारीवर कापसाच्या दुप्पट पडतो. कडब्याचे तर विचारूच नका. कडब्याची गाडी वजनाने भरत नाही, उंचीने भरते. ४० क्विंटल कडब्यात ट्रक मावेनासा होतो. वळशाचे तेच १,९०० रुपये ४० क्विंटलांवर वाटले तर क्विंटलला साडेसत्तेचाळीस पडतात. शिवाय कडब्याची उंच गाडी गावरस्त्याच्या वळशाला लावली की विजेच्या तारा, झाडांच्या फांद्या, घाटातली वळणे या सगळ्यांशी सामना. मुंबई-ठाण्याच्या तबेल्यांना कडबा आणि सरकी पेंड आपल्याच मुलखातून लागते, हे तिकडच्या दूध पिणाऱ्यांना ठाऊकही नसते.

यावर एक शेतकरी आम्हाला म्हणाला, "मी तर गावातच माल विकतो. मुंबईला ट्रक गेला काय आणि अडकला काय, माझे काय जाते?" हा समज घातक आहे. व्यापारी भाव कसा काढतो? वाशीला काय विकेल ते आधी धरतो. त्यातून हमाली, तोलाई, अडत, भाडे, त्याचा स्वतःचा नफा वजा करतो. उरेल तो आपला भाव. भाडे वाढले की त्याचा नफा कमी होत नाही, उरलेला भाव कमी होतो. माल दारात विकला म्हणून भाडे चुकत नाही. ते पावतीवर दिसत नाही इतकेच. आणि रस्ता उघडल्यावर भाडे उतरते तेव्हा तो फरक आपल्याकडे किती दिवसांनी येतो, हे ज्याने त्याने आपल्या बाजारात नोंदवून पाहावे. गाठींचेही तेच. जिनिंगवाला गाठी न्हावा-शेव्याला पोचवण्याचा खर्च कापसाच्या भावातूनच वजा करून बसलेला असतो.

तेव्हा आम्ही काय मागतो? काम थांबवा, असे आम्ही म्हणत नाही. म्हणताही येणार नाही. कोकणात पावसाळ्याचे चार महिने डांबर आणि काँक्रीटचे मोठे काम नीट होत नाही. काम करायचे ते नोव्हेंबर ते मे. आणि कापूस निघतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्च. रस्ता दुरुस्त करण्याचा हंगाम आणि आपला माल जाण्याचा हंगाम एकच आहे. ही निसर्गाचीच अडचण आहे, तिच्यावर घोषणा देऊन उपयोग नाही. तिच्यात वाट काढायची तर दोन गोष्टी लागतात. आधी कळले पाहिजे आणि वळशाचा रस्ता आधी तयार पाहिजे. आज दोन्ही होत नाही.

कळण्याचे पाहू. रस्ता वाहनांना बंद करण्याचा अधिकार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ११५ व्या कलमाने दिला आहे. बंदी महिन्याभरापेक्षा जास्त नसेल तर ती राजपत्रात छापण्याची गरज नाही. परिस्थितीप्रमाणे स्थानिक प्रसिद्धी द्यावी, असे ते कलम म्हणते. प्रश्न असा की स्थानिक म्हणजे कुठले? ठाण्यात रस्ता बंद होणार असेल तर ठाण्याच्या वर्तमानपत्रांत बातमी येते, ठाण्याच्या नाक्यावर फलक लागतो. तो ट्रक भरला गेला मानवतला. ड्रायव्हरला फलक दिसतो तेव्हा तो कल्याणच्या अलीकडे असतो, मागे ४०० किलोमीटर. तिथे त्याला 'पर्यायी मार्गाचा वापर करावा' असे सांगणे म्हणजे पेरणी झाल्यावर बियाण्याची उगवणशक्ती तपासण्याची शिफारस करण्यासारखे आहे. बंदी रस्त्याची असते, तिचा 'स्थानिक' मुलूख त्या रस्त्याच्या दोन्ही टोकांपर्यंत धरला पाहिजे. परभणी, नांदेड, जालना, धुळे इथल्या बाजार समित्या, जिनिंग प्रेसिंग आणि ट्रक अड्डे यांना मराठीत, लेखी, आठ दिवस आधी कळवले पाहिजे. त्यात तारीख, तास, कोणत्या वजनाच्या गाडीला बंदी, वळसा कुठून आणि तो किती किलोमीटरचा, एवढे तरी असावे. यात सरकारचा खर्च किती? जवळजवळ काही नाही. अवजड वाहनांना शहरातून दिवसा ठरावीक तासच सोडतात. ते तास आठ दिवस आधी कळले तर माणूस इकडून निघतानाच वेळ धरून निघेल आणि सहा तास रस्त्याच्या कडेला उभा राहणार नाही.

कसारा, माळशेज आणि ठाण्याजवळचे रस्ते यांच्या दुरुस्त्यांचे वेळापत्रक एकत्र बसून केले पाहिजे, हीही मागणी यातच आली. एक रस्ता केंद्राच्या खात्याकडे, दुसरा महामंडळाकडे, तिसरा बांधकाम खात्याकडे, वाहतूक पोलिसांकडे. प्रत्येक जण आपापल्या सोयीने बंद करतो. एका शेतात पाणी द्यायचे तर दोन बाऱ्या एकदम फोडायच्या नाहीत, हे आपल्या पोरालाही कळते.

दुसरी गोष्ट वळशाच्या रस्त्याची, आणि इथे शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. आम्ही त्या दोन्ही तालुक्यांत फिरलो. मोठा रस्ता तुंबला की गाड्या आतल्या रस्त्यांवर उतरतात. हे रस्ते जिल्हा परिषदेचे किंवा बांधकाम खात्याचे. एसटी, दूधगाडी आणि भाताचा ट्रॅक्टर यांच्यासाठी केलेले. रस्त्याची झीज वजनाच्या सरळ प्रमाणात होत नाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांवर ट्रक चालवून मोठी चाचणी घेतली गेली, तिच्यातून आलेला नियम आजही अभियंते वापरतात: आसावरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. २०१८ च्या जुलैत केंद्र सरकारने चार चाकांच्या आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वजन वाढले आठवा हिस्सा, झीज त्या नियमाने वाढते साठ टक्क्यांच्या आसपास. हे ओझे गावरस्त्यावर उतरवल्यावर तो एका पावसाळ्यात नाहीसा झाला तर नवल काय? वळसा संपतो, ट्रक मोठ्या रस्त्याला परत जातात, गावात खड्डे राहतात. मुरबाडला अजून रेल्वे नाही. तिथला रस्ता तुटला की दवाखाना तुटला, कॉलेज तुटले. २०१९ च्या जुलैच्या पुरात रायते पुलाजवळ रस्ता वाहून गेला तेव्हा कल्याण-मुरबाड वाहतूकच थांबली होती. या भागातले शेतकरी भेंडी पिकवतात, परदेशी पाठवतात. भेंडी रोज तोडावी लागते, तोडलेली त्याच दिवशी पोचावी लागते. आपला कापूस दोन दिवस उभा राहिला तर भाडे वाढते, त्यांची भेंडी एक रात्र उभी राहिली तर ती उकिरड्यावर जाते.

शहापूरचा आणखी एक हिशेब आहे. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी पाजणारी धरणे याच तालुक्यातली. आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांना टँकर. आता रस्तेही यांच्याच जमिनीतून. समृद्धीवर ट्रॅक्टर चालत नाही, दुचाकी चालत नाही. ज्याची जमीन गेली त्याला त्या रस्त्यावर पाय ठेवता येत नाही आणि त्या रस्त्याची गर्दी मात्र त्याच्या गावात उतरते.

म्हणून वळशाचे ओझे कोरडवाहू शेतकऱ्याने त्यांच्या अंगावर ढकलावे, हे आम्हाला मान्य नाही. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून घोषित झाला, ५४८-अ असा नंबर मिळाला, काम महामंडळाकडे गेले आणि वर्षानुवर्षे रेंगाळले. नाशिककडून पुणे-पनवेलकडे जाणाऱ्या मालाला ठाणे-कल्याण टाळून नेणारा हाच खरा वळसा. वडपे-ठाणे उकरण्याआधी हा रस्ता पुरा केला असता तर अर्धी गर्दी तिकडून गेली असती, असे आमचे मत आहे. आधी बांध घालायचा, मग पाणी वळवायचे. इथे पाणी आधी वळवले. इथून पुढे तरी, वळशाला लावलेला प्रत्येक गावरस्ता काम सुरू होण्याआधी मजबूत करावा, ठेकेदाराच्या बिलातून त्यासाठी अनामत राखून ठेवावी आणि ग्रामपंचायतीने रस्ता पूर्ववत झाल्याचा दाखला दिल्याशिवाय ती सोडू नये.

शहराची सोय पाहून काम करता येत नाही, असे जे अधिकारी सांगतात त्यांना मार्च २०१८ ची आठवण द्यावी. नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, याच रस्त्याने कसारा घाट उतरून, शहापूर तालुक्यातून चालत मुंबईला आले. तो मोर्चा आमच्या संघटनेचा नव्हता, त्यांच्या सगळ्या मागण्यांशी आम्ही सहमतही नाही. पण दहावीची परीक्षा होती. मुंबईतल्या पोरांना पेपरला पोचायला अडचण नको म्हणून ते दिवसभर चालून आलेले लोक ११ मार्चच्या रात्री पुन्हा उठले आणि शीवहून आझाद मैदानापर्यंत रात्रीतच चालत गेले. पाय फुटलेल्या माणसांना परक्या शहराचे वेळापत्रक सांभाळता आले. ज्यांच्याकडे यंत्रे आहेत, दिवे आहेत, पगारी माणसे आहेत, त्यांना आपल्या हंगामाचे वेळापत्रक सांभाळणे जड जाऊ नये.

बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने कागद घेऊन यावे. तक्रारीची भाषणे पुरेशी झाली. गेल्या हंगामात तुमच्या गावातून मुंबई, वाशी, भिवंडी किंवा न्हावा-शेव्याकडे गेलेल्या गाड्यांच्या बिल्ट्या, काट्याच्या पावत्या, टोलच्या पावत्या. ड्रायव्हरला विचारून गाडी कुठे, किती तास उभी राहिली, फलक कुठे दिसला, वळसा कुठून घेतला, हे बिल्टीच्या मागे लिहून घ्या. कडब्याच्या गाड्यांची यादी वेगळी करा. त्याच आठवड्यात गावातला भाव आणि वाशीचा भाव काय होता तेही लिहा, म्हणजे भाड्याचा फरक कोणाच्या खिशातून गेला ते दिसेल. हा सगळा तक्ता घेऊन बाजार समित्यांच्या ठरावासह ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि वाहतूक पोलिसांकडे शिष्टमंडळ जाईल. त्यात शहापूर आणि मुरबाडचे शेतकरी असतील, त्यांच्याशी बोलणे झाले आहे. जिनिंगवाले आणि ट्रकमालक यांनाही बैठकीचे निमंत्रण द्या. एरवी भावावरून आपले त्यांच्याशी भांडण असते ते असू द्या, गाड्या त्यांच्याही तिथेच अडकतात.